अपघाताची वसुली ड्रायव्हरच्या पानावर लिहू नका : विदर्भातील ट्रकमालकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील सर्व ट्रकमालक, मालवाहतूकदार आणि त्यांच्या जिल्हा व तालुका संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी २३ वर्षे दिवाणजी होतो. बिल्टी (मालाची पावती) करणे, भाड्याचा हिशेब ठेवणे, डिझेलच्या पावत्या जुळवणे, फायनान्सचा हप्ता वेळेवर भरणे आणि ड्रायव्हर-क्लीनरांच्या उचलीची वही लिहिणे ही माझी कामे होती. त्या वहीत प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाचे एक पान असे, आणि ज्याच्या ताब्यात असताना गाडी ठोकली गेली त्याच्या पानावर ‘अपघात वसुली’ असे लिहून पुढे रक्कम टाकण्याचे काम मी कितीतरी वेळा केले आहे. तेव्हा ज्या प्रथेला मी या पत्रात चूक म्हणणार आहे, तिच्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत, हे आधी सांगून टाकतो.

माझे म्हणणे असे की रस्त्यावरच्या अपघातात गाडीचे जे नुकसान होते, तो वाहतुकीच्या धंद्याचा खर्च आहे. टायर, डिझेल आणि टोल जसे मालकाच्या खर्चात पडतात तसेच ते पडले पाहिजे, आणि ड्रायव्हरच्या पगारातून ते वसूल करण्याची आपल्याकडची पद्धत बंद झाली पाहिजे. याला मी एक छोटा अपवाद मानतो. त्याविषयी पुढे लिहितो.

ज्या मालकाकडे मी होतो, त्यांचे नाव मी देणार नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. दिवाळीला प्रत्येक ड्रायव्हरच्या घरी मिठाईचा डबा आणि मुलांना कपडे जात असत. वसुलीची पद्धत त्यांनी शोधून काढली नव्हती. वडिलांच्या काळापासून ती चालत आली होती, शेजारच्या ऑफिसातही तीच होती आणि वणीच्या कोळशावर, वरोऱ्याकडे किंवा खामगावच्या बाजूला गेलो तरी तीच भेटत असे. म्हणूनच हे पत्र एका मालकाला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहीत आहे.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यातला हिशेब मला अजून पाठ आहे.

२०१५ सालच्या डिसेंबरात कापसाचा हंगाम जोरात होता आणि जिनिंगमधून दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांना गाठी जात होत्या. आमचा एक ड्रायव्हर, घाटंजीकडच्या एका खेड्यातला, त्या दिवशी संध्याकाळी नागपूरची खेप करून परतला होता आणि जेवून झोपण्याच्या विचारात होता. तेवढ्यात जिनिंगवाल्यांचा फोन आला की माल तयार आहे आणि सकाळपर्यंत गाडी आदिलाबादच्या पुढे लागली पाहिजे. गाडी दहा चाकी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा तीन एक्सलच्या गाडीचे मालासह एकूण वजन २५ टनांपर्यंत चालत असे. गाडीचे स्वतःचे वजन ९ टनांच्या घरात धरले, तर मालाला १६ टन उरत. एक गाठ १७० किलोची धरतात. त्या रात्री गाडीत ११० गाठी चढल्या, म्हणजे १८ टन ७०० किलो. चढवा असे मालकांनी सांगितले आणि बिल्टी मी लिहिली. ड्रायव्हरने दोर आवळताना एकदा वर पाहिले, बोलला काही नाही. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर तेव्हा दोन ड्रायव्हर असण्याची अट होती. आमच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर फक्त कागदावर होता. शेजारच्या सीटवर बसला होता तो १९ वर्षांचा क्लीनर.

पहाटे साडेतीनच्या सुमारास, पांढरकवडा मागे टाकून पाटणबोरीच्या अलीकडे, रोही रस्त्यात आडवा आला. इकडच्या वाचकाला रोही म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. दोनशे किलोचे ते जनावर दिव्याच्या उजेडात जागीच थबकते. ड्रायव्हरने ब्रेक मारून गाडी डावीकडे घेतली, साइडपट्टीवर चाक खचले, उंच रचलेल्या गाठींचा तोल गेला आणि गाडी कलंडली. त्याच्या खांद्याचे हाड मोडले. क्लीनर खरचटण्यावर वाचला.

केबिन, रेडिएटर, पुढचा एक्सल आणि बॉडीचे काम मिळून दुरुस्तीचा खर्च ३,४०,००० रुपये आला. दहाव्या दिवशी ड्रायव्हर गळ्यात हात अडकवून ऑफिसात आला, तेव्हा त्याच्या पानावर १,५०,००० रुपये लिहिले गेले. हा आकडा कुठून आला, याला काही आधार नव्हता. निम्म्याच्या आसपास काहीतरी भरले पाहिजे, एवढाच विचार होता. त्याने मला विचारले, “दिवाणजी, रोही आडवा आला जी, त्यात माहा काय गुन्हा?” अशा वेळी प्रत्येक दिवाणजी जे उत्तर देतो तेच मी दिले: मालकांशी बोल. तो मालकांशी बोलला नाही, कारण बोलायला गेलेल्याला दुसऱ्या दिवशी गाडी मिळत नाही हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही.

खांदा बसायला अडीच महिने गेले, त्या काळाचा पगार नव्हता. त्यानंतर १२,००० रुपये पगारातून दरमहा ४,००० कापायला सुरुवात झाली. चार महिन्यांनी विम्याचा दावा मंजूर झाला आणि घसारा व इतर वजावटी जाऊन २,२६,००० रुपये मालकांच्या खात्यात आले. आता बेरीज करून पाहा. दुरुस्तीला गेले ३,४०,०००. विम्याचे आले २,२६,०००. तूट उरली १,१४,००० रुपयांची, आणि ड्रायव्हरच्या पानावर उभे होते १,५०,०००. म्हणजे त्या अपघातात सगळी वसुली पूर्ण झाली असती, तर मालकांना ३६,००० रुपये उरले असते. ही बेरीज मी त्याच संध्याकाळी केली होती. ती मी कोणाला दाखवली नाही.

पुढे दोन वर्षांत त्याच्याकडून ९६,००० रुपये कापले गेले. पण त्याची तीन एकर कोरडवाहू शेती होती आणि ८,००० रुपयांत घर चालवून जूनमध्ये बियाण्या-खताला पैसे उरणे शक्य नव्हते, म्हणून त्याने दोन्ही वर्षी १५,००० रुपयांची उचल घेतली. मध्ये आईच्या दवाखान्यासाठी ८,००० घेतले. दोन वर्षे कापून झाल्यावर त्याच्या पानावर बाकी होती ९२,००० रुपये. २०१८ च्या होळीच्या सुमारास त्याने वडकीजवळच्या एका ढाब्यावर गाडी उभी केली, किल्ली ढाबेवाल्याकडे दिली आणि तो निघून गेला. ऑफिसात सगळे म्हणाले की पळाला, पैसे बुडवून गेला. त्याचा वाहन चालवण्याचा परवाना मात्र आमच्या टेबलाच्या खणात होता. वसुली पूर्ण होईपर्यंत परवाना ठेवून घेण्याचीही आपल्याकडे रीत आहे.

या प्रकरणात कोण कोणाचे देणे लागत होते, ते कायद्याच्या बाजूने पाहू. मी वकील नाही, पण निवृत्तीनंतर वेळ मिळाल्यावर हे कायदे वाचले, आणि २३ वर्षे वही लिहिताना ते वाचले नाहीत याची लाज वाटली. १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम भाड्याने माल वाहणाऱ्या मोटार सेवेला लागू होता. त्यात पगारातून काय कापता येते याची यादी होती आणि त्या यादीबाहेरचे काहीही कापण्यास मनाई होती. नुकसानीबद्दलची कपात यादीत होती, पण ती कामगाराच्या ताब्यात विश्वासाने दिलेल्या मालाच्या नुकसानीपुरती, आणि तेही ते नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झाले असेल तर. ट्रक हाच ताब्यात दिलेला माल आहे असे वादापुरते मान्य केले, तरी पुढच्या अटी उरतातच: कापलेली रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि अशा कपातींची स्वतंत्र नोंदवही ठेवली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. या अटी तिच्यातही आहेत, एका वेतन काळातील एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त असू नये अशी मर्यादाही तिच्यात आहे, आणि पूर्वी जी पगाराची वरची मर्यादा होती ती आता उरलेली नाही.

आमच्या ऑफिसात बाजू मांडण्याची संधी म्हणजे काय, हे कोणाला माहीतही नव्हते. रोही आला होता की नाही, साइडपट्टी किती खोल होती, गाडीत किती गाठी होत्या आणि ड्रायव्हर किती तासांपासून जागा होता, यातला एकही प्रश्न आकडा लिहिण्यापूर्वी विचारला गेला नाही. काही मालक म्हणतात की आम्ही कामावर घेताना स्टॅम्प पेपरवर सही घेतो, त्यात नुकसानभरपाई मान्य असल्याचे लिहिलेले असते. त्या कागदाचा उपयोग भीती घालण्यापुरता आहे. कायद्याने मिळणारे वेतन सोडून देण्याचा करार जुन्या अधिनियमातही रद्दबातल होता आणि संहितेतही आहे.

खरे तर त्या अपघातात देणे उलट बाजूने होते. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची असे, आणि माणूस तात्पुरता काम करण्यास असमर्थ झाला तर त्या काळात दर पंधरवड्याला ठरावीक रक्कम द्यायची असे. त्याच्या मोडलेल्या खांद्याचे आम्ही देणे लागत होतो. वहीत त्याच्या नावावर १,५०,००० रुपये होते, आणि खांद्यासाठी एक ओळही नव्हती. शिवाय उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचे नाही, परवाना आमच्याकडे राहील, असे म्हणणे १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याच्या किती जवळ जाते, हे आपल्या संघटनांच्या वकिलांना एकदा विचारून घ्यावे. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वीटभट्टी येते. त्या कायद्यात मात्र अगाऊ रकमेच्या बदल्यात कामाचे आणि फिरण्याचे स्वातंत्र्य गमावलेला माणूस आहे, आणि तो केबिनमध्येही बसलेला असू शकतो.

तुमची बाजू मला माहीत नाही असे नाही. त्या बाजूच्या खुर्चीवरच मी बसत होतो. तुमच्यातले पुष्कळ जण एका-दोन गाड्यांचे मालक आहेत. कोणी दोन एकर वावर विकून पहिली गाडी घेतली, कोणी आधी स्वतः ड्रायव्हर होता. गाडी गॅरेजला लागली की भाडे थांबते, हप्ता थांबत नाही, आणि बंद पडलेल्या दिवसांचे पैसे विमा कंपनी देत नाही. या सगळ्यात ज्याच्या हातून गाडी गेली त्याच्यावर राग येणे साहजिक आहे. पण त्या रागापोटी जी नोंद होते, तिच्यामागे तुम्ही दोन कारणे सांगता, आणि ती दोन्ही मला पटत नाहीत.

पहिले कारण असे की खिशाला चटका बसल्याशिवाय ड्रायव्हर सांभाळून गाडी चालवत नाही. गाडी समोरून ठोकली तर पहिल्यांदा कोणाचे पाय जातात, याचा विचार करा. जो माणूस रोज रात्री काचेमागे स्वतःचे शरीर ठेवून बसतो, त्याला सावध करायला पगारातली कपात लागते, हे मला कधीच समजले नाही. कपातीने त्याचे वागणे बदलते हे मात्र खरे आहे, आणि ते कसे बदलते ते मी वहीत पाहिले आहे. आमच्याकडे फुटलेल्या आरशाचे ८०० रुपये आणि मागच्या दिव्याचे ४०० रुपये ड्रायव्हरच्या पानावर पडत. परिणामी आरसा फुटला की ड्रायव्हर सांगत नसे. तो तारेने बांधून तसाच चालवी. ब्रेकला हवा कमी धरते, स्प्रिंगच्या पाट्याला तडा गेला आहे, स्टिअरिंग एका बाजूला ओढते, या तक्रारी ज्याने पहिल्यांदा केल्या त्याला ‘तूच बिघडवली असशील’ असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर अशा तक्रारी येणे जवळजवळ बंद झाले. एका गाडीच्या पाट्याचे पान तुटल्याचे आम्हाला कळले ते ती गाडी कारंजाजवळ रस्त्याच्या कडेला बसल्यावर. क्लीनरला ते आठ दिवसांपासून माहीत होते. वसुलीने आमच्या गाड्या सुरक्षित झाल्या नाहीत, फक्त त्यांची दुखणी आमच्यापासून लपून राहू लागली.

ड्रायव्हर अपघातानंतर गाडी सोडून पळतो, ही तुमची जुनी तक्रारही इथेच जोडलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत मिळवून देणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला माहिती देणे ही त्याची कर्तव्ये आहेत. जमावाच्या भीतीने तो पळतो हे तर आहेच. पण थांबलो तर पंचनामा, जामीन आणि त्यावर दीड लाखाची नोंद वाट पाहत आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो जमाव नसतानाही पळतो. मग विम्याच्या सर्व्हेअरला सांगायला कोणी उरत नाही आणि तुमचाच दावा महिनोन्‌महिने अडकतो.

दुसरे कारण असे की चूक ड्रायव्हरची असते. कधी असते. पण ती ठरवताना आपण फक्त शेवटचे तीन सेकंद पाहतो. त्याआधीचे १८ तास कोणी ठरवले होते? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवले होते, लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन १० आणि ५४, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तुमच्यापैकी कोणाच्या गाडीचे वेळापत्रक या आकड्यांत बसते? जास्त माल कोणी भरला, हा प्रश्नही तसाच. मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ याबाबत स्पष्ट आहे: मर्यादेबाहेर वजन घेऊन जाणारा ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर ते मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. कायदा करणाऱ्यांना ट्रान्सपोर्ट ऑफिस कसे चालते याची बरीच चांगली माहिती असावी. २०१८ मध्ये दहा चाकी गाडीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवरची दोन ड्रायव्हरांची अटही गेली. म्हणजे एका माणसाच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त वजन आले आणि त्याच्या झोपेची वाटणी करणारा दुसरा माणूस कागदावरूनही नाहीसा झाला. त्यात भर रिमोल्ड टायरांची, खचलेल्या साइडपट्ट्यांची, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांची आणि हंगामात अंधारात कापूस घेऊन निघालेल्या बैलगाड्यांची. या सगळ्यांचे मिळून जे होते, त्याची पूर्ण किंमत एका पानावर लिहिणे हा हिशेब म्हणूनसुद्धा चुकीचा आहे.

आपली बहुतेकांची घरे शेतीची आहेत, म्हणून एक आठवण करून देतो. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वखरताना बैलाचा पाय मोडला म्हणून सालगड्याच्या सालातून बैलाची किंमत कापून घेणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही. तो शिव्या देईल, दोन दिवस बोलणार नाही, कदाचित पुढच्या पाडव्याला त्याला ठेवणारही नाही. पण बैल आपला होता, वावर आपले होते आणि पीकही आपल्याच घरात येणार होते, हे तो जाणतो. त्याच शेतकऱ्याने गाडी घेतली की हा विचार कुठे जातो?

विम्याबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. कायद्याने सक्तीचा आहे तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, आणि हप्ता वाचवण्यासाठी बरेच जण जुन्या गाड्यांवर तेवढाच काढतात. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारी पॉलिसी घेतली, तरी तिच्यात ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. व्यापारी वाहनाच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम हे गाडी पूर्णपणे निकामी झाल्याशिवाय धरतच नाहीत; त्यासाठी जादा हप्ता भरून आयएमटी २३ ही जोडणी घ्यावी लागते. ती किती जणांनी घेतली आहे, हे तुम्ही आपापल्या पॉलिसीच्या कागदावर बघावे. आमच्या ऑफिसात ती घेतलेली नव्हती, कारण गरज वाटली नव्हती. तूट भरून काढायला ड्रायव्हर होता. मोठमोठ्या कंपन्या जी जोखीम हप्ता घेऊन उचलतात, ती १२,००० रुपये पगाराच्या माणसाने एक पैसाही हप्ता न घेता उचलावी, अशी ती व्यवस्था होती.

ही तूट दुसऱ्या मार्गाने भरता येते. २० गाड्यांच्या ऑफिसात प्रत्येक गाडीच्या महिन्याला ८ खेपा धरल्या आणि दर खेपेच्या भाड्यातून ५० रुपये वेगळे काढले, तर महिन्याला ८,००० आणि वर्षाला ९६,००० रुपये जमतात. एका-दोन गाड्यांच्या मालकांना हे एकट्याने जमणार नाही. त्यांच्यासाठी तालुका संघटनेने एकत्र निधी करावा. संघटना नाक्यावरच्या गाड्यांचे नंबर लावू शकते, भाड्याचा दर ठरवू शकते, तर हेही करू शकते. मात्र हे ५० रुपये भाड्यातूनच निघावेत. ते ड्रायव्हरच्या खुराकीतून काढण्याची कल्पना कोणाला तरी सुचेलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आता तो अपवाद. दारू पिऊन गाडी चालवणे, परवाना नसलेल्या क्लीनरच्या हातात स्टिअरिंग देणे, डिझेल विकणे किंवा ठरलेला रस्ता सोडून स्वतःची भाडी मारणे, यातून नुकसान झाले तर मालकाने गप्प बसावे असे मी म्हणत नाही. त्याला कामावरून कमी करा, पोलिसांत जा आणि कायद्याच्या मर्यादेत वसुलीही करा. पण आरोप लेखी द्या, त्याचे उत्तर ऐका आणि ऐकताना तुमच्या पगारावर नसलेला एक तरी माणूस तिथे बसवा. विम्याचे पैसे आल्यावर उरलेल्या तुटीपलीकडे एक रुपयाही घेऊ नका. माझ्या २३ वर्षांच्या वहीत अशी खरी प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीची रोही, खड्डे, झोप आणि जुने टायर यांची होती.

एक गोष्ट मला विशेष खटकते. १ आणि २ जानेवारी २०२४ रोजी देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, जीवघेणा अपघात करून न कळवता पळून गेलेल्याला १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, त्याविरुद्ध तो संप होता. आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. त्या वेळी मालकांच्या संघटना ड्रायव्हरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. अखिल भारतीय मोटार ट्रान्सपोर्ट काँग्रेसची केंद्रीय गृहसचिवांशी बैठक झाली आणि चर्चेशिवाय ती तरतूद लागू होणार नाही असे आश्वासन मिळाले. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम वगळलेले होते. ड्रायव्हर जाणूनबुजून अपघात करीत नाही, गरीब माणूस एवढा दंड कुठून भरणार, हे तेव्हा आमच्या मालकांनीही ऑफिसात बसून चार लोकांना सांगितले होते, आणि मी समोर बसून वही लिहीत होतो. सरकारला सांगितलेली ती गोष्ट त्या वहीला का लागू होऊ नये, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

माझी विनंती आहे की येत्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे १ एप्रिलला नव्या वह्या घालताना, प्रत्येक मालकाने जुन्या वहीतली अपघात वसुलीची पाने काढून विम्याच्या कागदांशी ताडून पाहावीत. जिथे दावा मिळाला आहे आणि तरी नोंद उभी आहे, तिथे ती रद्द करावी. जिथे जास्त कापले गेले आहे, तिथे ते परत द्यावे. उचल आणि वसुली एकाच पानावर लिहू नये, कारण एकदा ती एकत्र झाली की खुद्द दिवाणजीलाही वेगळी करता येत नाहीत. संघटनांनी याविषयी आपल्या सभेत ठराव घ्यावा आणि तो ऑफिसात ड्रायव्हरांना वाचता येईल अशा जागी लावावा. ज्यांना जुना हिशेब ताडून पाहायला माणूस लागेल, त्यांच्याकडे मी विनामोबदला येऊन बसेन. ही कामे मला चांगली येतात.

निवृत्त होताना टेबलाचा खण रिकामा केला, तेव्हा त्यात तीन परवाने निघाले. मालकांना विचारून मी ते घरी आणले. एक वणीजवळच्या एका ड्रायव्हरला पोस्टाने पाठवला. दुसरा घाटंजीकडच्या त्या खेड्यात स्वतः घेऊन गेलो. तो घरी नव्हता, पुण्याकडे कुठल्या गोदामात हमाली करतो असे समजले. त्याच्या आईने परवाना हातात घेतला, फोटो पाहिला आणि म्हणाली, “आता काय कामाचं हे, बाप्पा?” परवान्याची मुदत केव्हाच संपली होती. तिसऱ्या परवान्यावरच्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. तो माझ्याकडेच आहे. तुमच्या खणांत असे जे परवाने असतील, ते मुदत संपण्याच्या आत ज्याचे त्याला परत करावेत.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
जिल्हा यवतमाळ